धुराची जकात आणि शेजाऱ्यांचा हिशेब

बेंगळुरू – युरोपीय संघात आयात होणाऱ्या मालावर कार्बनचा आकार लावण्याची व्यवस्था १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्षात आली आहे. लोखंड व पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज या सहा गटांतील माल युरोपात नेताना त्याच्या निर्मितीत किती हरितगृह वायू हवेत सोडले गेले याचा हिशेब आता द्यावा लागतो आणि त्या प्रमाणात पैसेही मोजावे लागतात. निर्णय ब्रुसेल्समध्ये झाला असला तरी त्याचा परिणाम बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीपासून बेळगावच्या उद्यमबागेपर्यंत आणि कोल्हापूरच्या शिरोलीपर्यंत पोहोचणार आहे. हा आकार नेमका काय आहे, तो कसा मोजला जातो आणि शेजारी असलेल्या अर्थव्यवस्थांच्या सहकार्याशी त्याचा काय संबंध आहे, याचा हा आढावा.

जकातीसारखा, तरीही वेगळा

जकात नाका मराठी वाचकाला नवा नाही. गावाच्या वेशीवर मालाची गाडी थांबायची, पावत्या तपासल्या जायच्या आणि पैसे भरल्यावर गाडी आत सोडली जायची. मुंबई महापालिकेची जकात तर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत सुरू होती. युरोपचा नवा आकार हाही एका अर्थाने वेशीवरचाच आकार आहे. फरक एवढाच की, जकात मालाची किंमत किंवा वजन पाहून आकारली जात असे. हा आकार मालामागचा धूर पाहून आकारला जातो.

या व्यवस्थेचे अधिकृत नाव ‘कार्बन सीमा समायोजन यंत्रणा’ असे असून व्यापारी वर्तुळात ती ‘सीबॅम’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. तिचा कायदा मे २०२३ मध्ये संमत झाला. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ या संक्रमण काळात आयातदारांनी केवळ माहिती सादर करावयाची होती. २०२६ पासून येणाऱ्या मालासाठी मात्र प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागतील. या प्रमाणपत्रांची विक्री फेब्रुवारी २०२७ मध्ये सुरू होणार असून २०२६ या वर्षाचा हिशेब ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यावयाचा आहे. म्हणजे देयक पुढील वर्षी हाती पडणार असले तरी मीटर आताच सुरू झाला आहे.

युरोपची यामागील भूमिका अशी आहे: तेथील कारखान्यांना २००५ पासून उत्सर्जन व्यापार योजनेखाली आपल्या धुराची किंमत मोजावी लागते. बाहेरून येणाऱ्या मालाला ती नसेल, तर उद्योग युरोपातून उठून अन्यत्र जातील आणि प्रदूषण कमी न होता केवळ त्याची जागा बदलेल. आजवर हे टाळण्यासाठी पोलादासारख्या उद्योगांना उत्सर्जनाचे परवाने मोठ्या प्रमाणावर मोफत दिले जात होते. हे मोफत वाटप २०२६ ते २०३४ या काळात टप्प्याटप्प्याने बंद होत आहे आणि ते जितके कमी होईल तितका सीमेवरचा आकार वाढत जाणार आहे.

आकार कसा मोजला जातो?

पहिल्या वर्षी मोफत वाटपात केवळ अडीच टक्के कपात आहे. त्यावरून आकारही अडीच टक्केच असेल, असा समज काही निर्यातदारांमध्ये होऊ शकतो. तो चुकीचा आहे. युरोपने प्रत्येक वस्तूसाठी उत्सर्जनाचा एक मापदंड ठरविला आहे. मोफत वाटपाची सवलत त्या मापदंडापुरतीच मिळते. मापदंडाच्या वर जेवढे उत्सर्जन असेल, त्यावर पहिल्या वर्षापासून पूर्ण आकार आहे.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पोलादाचा मापदंड टनामागे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि प्रमाणपत्राची किंमत ८० युरो मानू. एका कारखान्याचे उत्सर्जन टनामागे २.५ टन आहे, दुसऱ्याचे १.६ टन. २०२६ मध्ये पहिल्या कारखान्याच्या एक टन पोलादावर सुमारे ९१ युरो आकार पडेल, दुसऱ्याच्या पोलादावर सुमारे १९ युरो. २०३४ मध्ये सवलत संपल्यावर हेच आकडे अनुक्रमे २०० आणि १२८ युरो होतील. थोडक्यात, आज खरी झळ लागते ती सरासरीपेक्षा अधिक धूर सोडणाऱ्याला.

भारताच्या दृष्टीने हीच चिंतेची बाब आहे. पोलाद मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार भारतात एक टन कच्चे पोलाद तयार होताना सरासरी सुमारे २.५ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाची सरासरी सुमारे १.९ टन आहे. आपली झोतभट्टी कोळशावर चालते, स्पंज आयर्नचे अनेक कारखानेही कोळशावरच चालतात, आणि भंगारातून पोलाद बनविण्याचे प्रमाण युरोपच्या तुलनेत कमी आहे. ही तफावत एका वर्षात भरून निघणारी नाही.

प्रत्यक्ष उत्सर्जनाची तपासून घेतलेली आकडेवारी सादर करता आली नाही, तर युरोपने ठरविलेली मानीव आकडेवारी लावली जाते. ती मुद्दामच चढी ठेवलेली असून तिच्यावर वर्षागणिक वाढणारी जादा भरही आहे. म्हणजे ज्याच्याकडे हिशेबाची वही नाही, त्याला प्रत्यक्षात कमी धूर सोडूनही अधिक धुराचे पैसे मोजावे लागू शकतात.

एका बोल्टमागच्या अनेक चिमण्या

आता पीण्याकडे वळू. बेंगळुरूच्या वायव्येस तुमकूर रस्त्यालगत वसलेली ही वसाहत आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक मानली जाते. १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना बेंगळुरूत स्थापन झाला आणि त्याच्यासह आलेल्या अन्य सार्वजनिक उद्योगांच्या आधाराने शहरात कुशल कारागीर व लहान कारखानदारांची एक पिढी घडली. पीण्यातील हजारो लहान कारखाने त्याच परंपरेतले आहेत.

येथे बोल्ट व नट बनविणारा एखादा लहान कारखाना डोळ्यांसमोर आणावा. त्याला चिमणी नाही. यंत्रे विजेवर चालतात. तरीही बोल्ट, नट आणि स्क्रू हे युरोपच्या यादीत आहेत. कारण बोल्टच्या हिशेबात मुख्य वजन येते ते ज्या पोलादापासून तो बनला त्याच्या उत्सर्जनाचे. हे पोलाद बळ्ळारी भागातल्या एखाद्या मोठ्या कारखान्यातून आले असेल. तेथील झोतभट्टीचा धूर त्या बोल्टबरोबर समुद्र ओलांडतो. देशातील सर्वांत मोठ्या पोलाद कारखान्यांत गणला जाणारा जेएसडब्ल्यू स्टीलचा विजयनगर कारखाना याच भागात, तोरणगल्लू येथे आहे आणि त्या कंपनीचे मुख्यालय मुंबईत आहे. लोहखनिज संडूरच्या डोंगरातले, पोलाद तोरणगल्लूचे, बोल्ट पीण्याचा, कार्यालय मुंबईत आणि आकार ब्रुसेल्सचा, अशी ही साखळी आहे.

म्हणून पीण्यातल्या लहान कारखानदाराची अडचण दुहेरी आहे. जो धूर त्याने सोडलेला नाही, तो कमी करणे त्याच्या हाती नाही. आणि त्या धुराचा आकडाही त्याच्याकडे नाही. तो आकडा त्याला पुरवठादाराकडून मागावा लागतो. व्यापाऱ्याकडून फुटकळ माल घेणाऱ्याला तर आपले पोलाद कोणत्या कारखान्याचे आणि कोणत्या भट्टीतले, हेही अनेकदा ठाऊक नसते. युरोपातील ग्राहक मात्र तीच माहिती मागतो, आणि ती न मिळाल्यास दुसरा पुरवठादार शोधतो. आकार कायद्याने आयातदाराने भरावयाचा असला तरी भावाच्या बोलणीत तो निर्यातदाराच्याच माथी येण्याची शक्यता असते.

२०२५ मध्ये युरोपने नियमांत सुधारणा करून वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदारांना सूट दिली. ही सूट आयातदाराच्या एकूण आयातीवर मोजली जाते, निर्यातदाराच्या मालावर नव्हे, हे ध्यानात घ्यावयास हवे. वर्षाला दहा टन बोल्ट पाठविणाऱ्या कारखान्याचा ग्राहक जर हजारो टन पोलाद आयात करीत असेल, तर त्या दहा टनांचाही हिशेब लागतोच.

कोल्हापूर आणि बेळगावच्या भट्ट्या

पीण्याच्या कडेने जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव, निपाणी असा जाऊन कोल्हापूर, कराड, साताऱ्यामार्गे पुण्यास पोहोचतो. या एका रस्त्यावर दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाचा फाउंड्री उद्योग पसरलेला आहे. कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल–हातकणंगले येथे आणि बेळगावात उद्यमबाग परिसरात शेकडो फाउंड्री आहेत. त्यांना लागणारे पिग आयर्न कर्नाटकातील कोप्पळसारख्या भागातून आणि गोव्यातील आमोण्याहून येऊ शकते. पुण्याच्या किर्लोस्कर समूहातील किर्लोस्कर फेरस या कंपनीच्या झोतभट्ट्या कोप्पळ जिल्ह्यात आणि फाउंड्री सोलापुरातही आहे. दोन राज्यांमधील सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. लोखंड मात्र कोगनोळीचा नाका ओलांडून रोज ये-जा करीत आले आहे.

या फाउंड्रींवर युरोपच्या आकाराचा परिणाम आज मर्यादित आहे. बिडाचे पाइप व जोडभाग यादीत आहेत. परंतु वाहनांचे वा यंत्रांचे सुटे भाग म्हणून नोंदविली जाणारी कास्टिंग मूळ यादीत नाहीत. तथापि ही उसंत कायमची समजणे धोक्याचे ठरेल. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने पोलाद व ॲल्युमिनियम अधिक प्रमाणात वापरणाऱ्या सुमारे १८० पक्क्या वस्तूंचा यादीत समावेश करण्याचा प्रस्ताव मांडला. कच्च्या पोलादावरचा आकार चुकविण्यासाठी पक्का माल पाठविण्याची वाट बंद करणे, हा त्यामागील हेतू आहे.

येथे एक तांत्रिक बाब महत्त्वाची आहे. लोखंड व पोलाद या गटात सध्या केवळ प्रत्यक्ष उत्सर्जन मोजले जाते. विकत घेतलेल्या विजेमागचे उत्सर्जन धरले जात नाही. त्यामुळे कोक जाळणारी कुपोला भट्टी आणि विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी यांच्या हिशेबात मोठा फरक पडतो. नव्या पिग आयर्नऐवजी भंगार वापरले, तर तो फरक आणखी वाढतो. याउलट, तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथील २,०५० मेगावॉट क्षमतेच्या सौर उद्यानाची स्वच्छ वीज पीण्यातल्या बोल्टला मिळाली, तरी त्यामुळे आजच्या नियमांत आकार कमी होत नाही. अर्थात हा नियम पुढे बदलू शकतो, आणि तसे झाल्यास सौर व पवन विजेत आघाडीवर असलेल्या कर्नाटकाला त्याचा लाभच होईल.

युरोपच्या शेजाऱ्यांनी काय केले?

या आकारातून कोणालाच सूट नाही, असे नाही. नॉर्वे, आइसलँड व लिश्टेनस्टाइन हे देश युरोपच्याच उत्सर्जन व्यापार योजनेत सहभागी आहेत. स्वित्झर्लंडने आपली स्वतंत्र योजना १ जानेवारी २०२० पासून युरोपच्या योजनेशी जोडली. या चारही देशांच्या मालाला आकार लागत नाही. कारण तेथील कारखानदाराने धुराची तेवढीच किंमत आपल्या घरी मोजलेली असते.

ब्रिटनचे उदाहरण अधिक बोलके आहे. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर त्याने २०२१ मध्ये स्वतःची वेगळी योजना सुरू केली. त्यामुळे जो देश कालपर्यंत घरातला होता, त्याच्या पोलादालाही वेशीवर थांबावे लागण्याची वेळ आली. अखेर १९ मे २०२५ रोजी लंडन येथील शिखर बैठकीत दोन्ही बाजूंनी आपल्या योजना जोडण्याच्या दिशेने काम करण्याचे ठरविले. दरम्यान, ब्रिटनने १ जानेवारी २०२७ पासून स्वतःचाही असाच आकार लावण्याचे जाहीर केले आहे. भारत व ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारात भारतीय मालाला त्यातून सूट मिळालेली नाही.

युरोपला मोठ्या प्रमाणावर पोलाद विकणाऱ्या तुर्कस्ताननेही जुलै २०२५ मध्ये आपला पहिला हवामान कायदा संमत करून उत्सर्जन व्यापार योजनेची तरतूद केली. चीनने मार्च २०२५ मध्ये आपल्या राष्ट्रीय योजनेत पोलाद, सिमेंट व ॲल्युमिनियम उद्योगांचा समावेश केला. या सर्वांमागचे गणित एकच आहे. निर्यातदार देशात मोजलेली कार्बनची किंमत युरोपच्या आकारातून वजा करण्याची तरतूद कायद्यात आहे. मग धुराचे पैसे द्यायचेच असतील, तर ते परक्याच्या तिजोरीत का जावेत?

भारताची भूमिका

भारताचा या आकाराला तत्त्वतः विरोध आहे आणि त्यास आधार आहे. १९९२ च्या हवामानविषयक संयुक्त राष्ट्र कराराने सर्व देशांची जबाबदारी समान असली तरी ती ऐतिहासिक उत्सर्जन आणि ऐपत पाहून वेगवेगळी असेल, हे तत्त्व मान्य केले. शतकाहून अधिक काळ कोळसा जाळून श्रीमंत झालेल्या देशांनी, आता कुठे उभ्या राहणाऱ्या उद्योगाकडून तेवढीच किंमत वसूल करणे हे त्या तत्त्वाशी विसंगत आहे, असे भारताचे म्हणणे आहे. जागतिक व्यापार संघटनेतही भारताने हा विषय मांडला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारताच्या अध्यक्षतेखाली जी-२० गटाच्या ऊर्जा व पर्यावरणविषयक कार्यगटांच्या आणि अर्थमंत्र्यांच्या बैठका बेंगळुरूत भरल्या, तेव्हा युरोपचा कायदा अंतिम टप्प्यात होता. त्या शहरातील कारखान्यांनाच पुढे त्याची झळ लागावी, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे.

युरोपीय संघाशी मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि जानेवारी २०२६ मध्ये त्या पूर्ण झाल्याची घोषणा झाली. आयात शुल्क कमी होण्याचा लाभ अनेक उद्योगांना मिळेल. कार्बनचा आकार मात्र शुल्क नसून वेगळ्या कायद्याचा भाग असल्याने तो आपोआप नाहीसा होत नाही.

देशांतर्गत पातळीवर भारताने २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली आणि जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार उद्योगांतील कारखान्यांना उत्सर्जन तीव्रतेची बंधनकारक लक्ष्ये देण्यात आली. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित पोलादा’ची व्याख्या जाहीर केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असलेले पोलाद हरित गणले जाईल आणि १.६ टनांपेक्षा कमी असल्यास त्यास पाच तारे मिळतील.

येथे एक गुंता आहे. भारताच्या योजनेत एकूण धुरावर किंमत नाही. लक्ष्य चुकविणाऱ्याला क्रेडिट विकत घ्यावे लागते, लक्ष्य गाठणाऱ्याला काहीच भरावे लागत नाही. वजावट मात्र प्रत्यक्ष भरलेल्या किमतीचीच मिळते. त्यामुळे आपल्या योजनेची किती वजावट मिळणार, हा केवळ कायद्याचा नव्हे तर वाटाघाटीचा प्रश्न ठरतो.

शेजाऱ्यांनी एकत्र करण्याजोगे

युरोपच्या शेजाऱ्यांकडून घेण्यासारखा धडा तत्त्वाचा कमी आणि व्यवहाराचा अधिक आहे. ज्यांच्या मालाची साखळी एक आहे, त्यांनी हिशेबही एक ठेवला. महाराष्ट्र व कर्नाटक ही एकाच देशातील राज्ये असल्याने त्यांच्यात कर-सीमा उरलेली नाही; परंतु हिशेबाची सीमा अजून आहे.

ती ओलांडण्यासाठी पहिली गरज माहितीची आहे. मोठ्या पोलाद कारखान्याने प्रत्येक मालाबरोबर जसे रासायनिक घटकांचे चाचणी प्रमाणपत्र दिले जाते, तसाच उत्सर्जनाचा तपासलेला आकडा दिला, तर पीण्यातील व कोल्हापुरातील लहान कारखानदाराचे निम्मे काम होईल. व्यावसायिक गुपिते उघड होण्याची भीती असेल, तर युरोपच्या नोंदणी प्रणालीत २०२५ पासून बाहेरच्या देशांतील कारखान्यांना स्वतःची माहिती थेट नोंदविण्याची सोय आहे.

दुसरी गरज पडताळणीची. प्रत्यक्ष आकडेवारी मान्य होण्यासाठी अधिकृत पडताळणी संस्थेचे प्रमाणपत्र लागते. दहा-वीस कामगारांच्या कारखान्यास तो खर्च एकट्याने पेलणे कठीण. परंतु शिरोली, उद्यमबाग आणि पीण्या येथील कारखानदारांच्या संघटनांनी एकच नमुना, एकच प्रशिक्षण आणि सामायिक सेवा उभी केली, तर तो विभागला जाईल.

तिसरी गरज भांडवलाची. भट्टी बदलण्यास पैसा लागतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने जुलै २०२५ मध्ये सुरू केलेल्या योजनेत ऊर्जा वाचविणारी यंत्रे घेण्यासाठी सूक्ष्म व लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात पाच टक्के, तर मध्यम उद्योगांना तीन टक्के सवलत आहे. बेळगावचा फाउंड्री समूह तर यापूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेच्या साहाय्याने राबविलेल्या ऊर्जा बचत प्रकल्पातही होता. त्या अनुभवाचा उपयोग शेजारच्या कोल्हापुरास होण्यास कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

युरोपचा आकार न्याय्य आहे काय, यावर वाद होत राहील आणि भारताने तो घालावयासही हवा. तोवर पीण्यातला कारखानदार युरोपातून आलेला तक्ता समोर घेऊन बसलेला असेल. त्यातील पहिलाच रकाना विचारतो, या बोल्टमागे किती धूर आहे? ते उत्तर त्याच्या कारखान्यात नाही. ते महामार्गावरील त्याच्या शेजाऱ्यांकडे आहे. त्यांनी ते वेळेवर दिले नाही, तर त्याच्या वतीने उत्तर ब्रुसेल्स देईल, आणि ते त्याला महागात पडेल.